ठसा जुळवताना

हार्माकारी बेटावरचं यंत्र इतकं जुनं
की त्याच्यासाठी तयार पुडकं आता कुणी बांधत नाही.
म्हणून मी मूळ संहिताच घेऊन गेले,
लोकरी हातमोज्यात, तळव्याला चिकटलेली बोटभर कांडी.
ऑक्टोबरची बोट. मागे तुर्कू, पुढे काहीच नाही.

वालफ्रिद धक्क्यावर उभा होता,
शेजारी पालथी घातलेली होडी, तिच्यावरचं नाव ताज्या रंगाचं.
"कुलूप बदलायला आलीस म्हणे."
हो, म्हटलं. आजवर तुमचा परवलीचा शब्द
तारेतून उघडानागडा जात होता,
वाटेत कुणीही वाचावा असा.
"वाटेत आहे कोण? हेरिंग मासे?"

गाठोडं सोडण्याआधी त्याच्यावरची सही तपासली.
मग कॉन्फिगर. सोयरिकीला आलेल्या म्हाताऱ्यासारखं
ते चौकशीला बसलं:
कंपायलर आहे का? आहे.
चालतो का? चालतो.
कुणाला ताडता येणार नाहीत असे आकडे
कुठून आणता?
झेडलिब?
झेडलिब नाही.
तिथंच बैठक मोडली.

दळण काढावं आणि कळावं
की आधी जात्यालाच टाकी लावायची आहे,
तशी ती लायब्ररी आधी बांधली.
मग मेक, संध्याकाळी सहाला.
ओळीमागून ओळ वर सरकू लागली.
यंत्र तापलं तेव्हा वालफ्रिदने
ओले मोजे त्याच्यावर वाळत घातले.
मी काही बोलले नाही.

रात्री दीड वाजता संपलं. तोवर
राईचा पाव, खारवलेला मासा,
आणि त्याची तीस वर्षं:
रोज सकाळी पट्टीवर पाण्याची उंची बघायची,
रेडिओवर आकडा वाचायचा,
पलीकडून कुणीतरी "कळलं" म्हणायचं.
एवढंच. कधी कधी एवढंच दिवसभर.
आता आकडा यंत्रच पाठवतं.

शेवटी इन्स्टॉलने अडवलं.
म्हणे एक वापरकर्ता हवा,
ज्याला घर नाही, शेल नाही.
आणि एक खोली हवी, रूटच्या मालकीची,
कायमची रिकामी.
अनोळखी कुणी दारात आलं
की आधी हाच त्याच्याशी बोलणार,
त्या खोलीत बसून.
दगाफटका झालाच तर
चोराच्या हाती चार भिंती.
"पगार किती त्याला?" वालफ्रिदने विचारलं.

तुर्कूला परतून पहिल्यांदा दार वाजवलं.
उत्तर आलं: हा यजमान खरा कशावरून, सांगता येत नाही.
हा त्याचा ठसा. पुढे जायचं का?

फोन लावला. तुमच्या पडद्यावरचा ठसा वाचा, म्हटलं.
त्याने चष्मा शोधला.
शोधणं मला ऐकू येत होतं.

मग त्रेचाळीस खुणा, रेडिओच्या जुन्या रीतीने,
अक्षरागणिक माणसाचं नाव.
मोठं अक्षर असेल तर थोरला, लहान तर धाकटा.
थोरला ओट्टो. धाकटा नीलो. सात.
धाकटी बेर्ता. थोरला उर्हो. अधिकचं चिन्ह.
एकेक जण येऊन
माझ्या पडद्यावर आपापल्या जागी बसत होता.
धाकटा साकारी. पुन्हा नीलो, यावेळी थोरला.
थोरली…

फोनमध्ये नुसता समुद्र.

"ट्यूने," तो म्हणाला. "थोरली ट्यूने."

ती पालथी होडी.
ताजा रंग.

जुळली, मी म्हटलं.
उरलेली अकरा अक्षरं त्याने भराभर वाचून टाकली.

पुढे जायचं का, हे अजून विचारणं चालूच होतं.
तिथे नुसतं आद्याक्षर चालत नाही,
होकार अख्खा लिहावा लागतो.
लिहिला.
दार उघडलं. आत शेवटची नोंद:
पाणी, उणे अकरा सेंटिमीटर.

फोन अजून ठेवला नव्हता दोघांनीही.
मी आकडा मोठ्याने वाचला.

"कळलं," वालफ्रिद म्हणाला.